वऱ्हाडांत पोर्तुगीज शब्द कोणत्या वाटांनीं आले?

पोर्तुगीजांचा अंमल वऱ्हाडावर एक दिवसही नव्हता. त्यांची वखार अकोल्यास नव्हती, त्यांचा सुभेदार बाळापुरास कधीं उतरला नाहीं, आणि सन १८०३ च्या डिसेंबरांत गाविलगडाच्या तटास ज्या युरोपीय फौजेनें शिड्या लावल्या ती इंग्रजांची होती. असें असूनही अमरावतीच्या कोणत्याही घरांत सकाळच्या प्रहरीं कान देऊन बसावें. घरची बाई आलमारीची चाबी शोधीत असते; नळाखालीं बालटी भरत असते; एका मुलाचे कपडे इस्त्री व्हावयाचे राहिलेले असतात; दारांत मिस्त्री येऊन उभा असतो, आणि त्याला 'पगार झाल्यावर ये' असें सांगितलें जातें. एवढ्याशा बोलण्यांत आलमारी, चाबी, बालटी, इस्त्री, मिस्त्री आणि पगार हे सहा शब्द मूळचे पोर्तुगीज आहेत. बोलणारांस त्याचा पत्ता नसतो. आणि नसावा हेंच स्वाभाविक आहे.

हे शब्द पोर्तुगीज आहेत, एवढें सांगणें नवें नाहीं. गोमंतकांतील आसगांव येथें सन १८५५ मध्यें जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनीं आशियांतील भाषांवर पोर्तुगीज शब्दांचा जो परिणाम झाला त्याविषयींचा आपला मोठा ग्रंथ सन १९१३ मध्यें कोइंब्रा येथें प्रसिद्ध केला. त्याचें सोआरिश यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर सन १९३६ मध्यें बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत निघालें. त्यापूर्वीं मोल्सवर्थ साहेबांनीं आपल्या मराठी-इंग्रजी कोशांत कांहीं शब्दांपुढें पोर्तुगीज मुळाची खूण केलेली होती, आणि यूल व बर्नेल यांच्या सन १८८६ च्या कोशांत अशा शब्दांची चर्चा पुष्कळ आहे. परंतु या सर्वांनीं शब्दाचें कूळ सांगितलें. त्याचा प्रवास सांगितला नाहीं. शिवाय त्यांच्या दृष्टीपुढें मराठी म्हणजे मुख्यतः कोंकण व देश येथील मराठी. वऱ्हाडी बोलींत तोच शब्द निराळ्या रूपानें वावरतो, आणि तें रूपच त्याच्या प्रवासाची साक्ष देतें, हें आमचें म्हणणें आहे.

या प्रश्नाकडे आमचें लक्ष जाण्यास एक जुनें कारण घडलें. आम्ही अकोल्याकडील एका शाळेंत शिकत असतांना आमच्या निबंधांतील 'चाबी' या शब्दाखालीं गुरुजींनीं तांबडी रेघ ओढली, समासांत 'चावी' असें लिहिलें, आणि 'हिंदीची भेसळ नको' असा शेरा मारला. शेरा आम्हीं मुकाट्यानें घेतला. पुढें पुष्कळ वर्षांनीं समजलें कीं 'चावी' हा शब्द 'चाबी'इतकाच परका आहे. दोहोंची आई एकच, पोर्तुगीज 'चावे'. एक मुलगी कोंकणच्या बंदरावर उतरली, दुसरी बंगालच्या खाडीवर. गुरुजींवर आमचा रोष नाहीं. त्यांच्या हातांत जे कोश होते त्यांत हा भेद दाखविलेला नव्हता. मात्र वऱ्हाडच्या मुलांच्या तोंडचे शब्द 'अशुद्ध' ठरवून पुण्यामुंबईकडचे 'शुद्ध' ठरविण्याची जी रीति आमच्याकडे पडून गेली, तिला या शब्दांपुरता तरी कांहीं आधार नाहीं हें दाखविणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम पश्चिमेकडील वाट पाहूं. वास्को द गामा सन १४९८ मध्यें कालिकतास आला, गोवें सन १५१० मध्यें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें, चौल येथें निजामशहाच्या संमतीनें त्यांनीं सन १५२१ मध्यें कोट बांधावयास घेतला, आणि वसई त्यांस सन १५३४ मध्यें मिळाली. चिमाजीअप्पांनीं सन १७३९ मध्यें वसई घेतली तोंपर्यंत उत्तर कोंकणचा किनारा त्यांच्या ताब्यांत सुमारें दोनशें वर्षें होता. या काळांत बंदरांतील गोदीवाला, सुतार, पाववाला, तोफखान्याचा माणूस आणि तुरुंगाचा रखवालदार यांच्या तोंडीं पोर्तुगीज शब्द बसले. गोव्यांतील कैदखान्याचें नांवच 'त्रोंको' होतें. त्याचाच आमचा 'तुरुंग' झाला. 'बिसाग्रा'ची बिजागरी, 'बोंबा'चा बंब, 'पांव' या शब्दाचा पाव, 'बाताता'चा बटाटा हीं रूपें याच किनाऱ्यावर घडलीं.

आतां चौल व वऱ्हाड यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो एका राजसत्तेचा आहे. मुर्तझा निजामशहानें सन १५७० मध्यें चौलास वेढा घातला, तो सन १५७१ मध्यें तह होऊन उठला. आणि तीनच वर्षांनीं, सन १५७४ मध्यें, त्याच मुर्तझानें एलिचपुरची इमादशाही बुडवून वऱ्हाड आपल्या राज्यास जोडलें. सन १५९६ मध्यें चांदबिबीनें वऱ्हाड मोगलांस देईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, चौलच्या बंदराचा व एलिचपुरच्या बाजाराचा धनी एकच होता. शिपाई, कारकून व व्यापारी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत असणार. मात्र बावीस वर्षांचा काळ भाषेच्या मानानें अल्प आहे. त्यावर फार मोठी इमारत आम्ही रचीत नाहीं.

या संदर्भांत एका पुस्तकाचा उल्लेख केला पाहिजे. सन १७७८ मध्यें रोम येथें धर्मप्रसारक मंडळाच्या छापखान्यांत पोर्तुगीज भाषेंतील मराठीचें एक व्याकरण छापलें गेलें. त्याच्या मुखपृष्ठावर, निजामशहा व आदिलशहा यांच्या राज्यांत जी सर्वसामान्य मराठी चालते तिचें हें व्याकरण, अशा अर्थाचें वर्णन आहे, आणि तें त्या राज्यांतील पाद्रीमंडळींस अर्पण केलें आहे. गंमत अशी कीं सन १७७८ मध्यें निजामशाही नष्ट होऊन १४२ वर्षें झालीं होतीं आणि आदिलशाही नष्ट होऊन ९२. मेलेल्या राजांच्या राज्यांत चालणारी भाषा शिकविणारें हें पुस्तक, छापण्यापूर्वीं पुष्कळ काळ हस्तलिखित स्वरूपांत पाद्र्यांच्या हातांतून हिंडत असलें पाहिजे, असें अनुमान त्याच्या नांवावरूनच निघतें. कोणीं सांगावें, एलिचपुरच्या दिशेनें जाणाऱ्या एखाद्या पाद्र्याच्या पडशींत तें असेलही. पण असेल यापलीकडे आम्ही म्हणत नाहीं.

भाषा शिकणारांच्या पुस्तकांचा हा धागा आणखी मागें जातो. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स सन १५७९ मध्यें गोव्यास आले. ते जन्मानें इंग्रज; पण त्यांनीं येथील भाषेचें जें व्याकरण लिहिलें तें पोर्तुगीजमध्यें, आणि तें त्यांच्या मृत्यूनंतर सन १६४० मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. म्हणजे मराठी मुलुखांत येणारा पहिला विद्वान इंग्रज पोर्तुगीजच्या दारानें आंत आला. त्याच्यामागून आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांसही दुसरें दार नव्हतें. सर्व बंदरांत परक्यांची व्यवहारभाषा मोडकी पोर्तुगीज हीच होती. सन १६९८ च्या सनदेंत तर कंपनीच्या धर्मोपदेशकांनीं हिंदुस्थानांत पोंचल्यापासून वर्षाच्या आंत पोर्तुगीज शिकावें असें कलमच घातलेलें होतें. इंग्रजांनीं या देशाचे व्यवहार समजून घेतले ते प्रथम पोर्तुगीज शब्दांतून. यामुळें पुढें वऱ्हाडांत आलेल्या इंग्रजीच्या पोटांतही पोर्तुगीज शब्द होते. त्यांची गोष्ट पुढें येईल.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वऱ्हाडी बोलींतील पोर्तुगीज शब्द आम्हीं जसजसे टिपीत गेलों तसतशी एक गोष्ट वारंवार दिसूं लागली. एकाच पोर्तुगीज शब्दाचीं दोन रूपें वऱ्हाडांत सांपडतात. एक पुस्तकी मराठींतलें, एक घरांतलें. पुस्तकांत 'चावी', घरांत 'चाबी'. पुस्तकांत 'बादली', घरांत 'बालटी'. पुस्तकांत 'लिलाव', खेड्यांतील म्हाताऱ्याच्या तोंडीं 'निलाम'. कोंकणांतला 'मेस्त्री' येथें 'मिस्त्री' आहे. कोंकणांत पाण्याचें 'पिंप', येथें 'पिपा'. बांधकामावर माती वाहण्याचें 'घमेलें' सर्व महाराष्ट्राप्रमाणें वऱ्हाडांतही आहे. पण फुलझाडाच्या कुंडीस हिंदीच्या संगतीनें जो 'गमला' म्हणतात तोही त्याच 'गामेला' शब्दाचा दुसरा मुलगा. मूळ पोर्तुगीज 'गामेला' म्हणजे लांकडी परात किंवा डोण. पश्चिमेकडे तो गवंड्याच्या डोक्यावर गेला, उत्तरेकडे माळ्याच्या अंगणांत बसला.

या जोड्यांतील दुसरीं रूपें कोठून आलीं? बंगालींत 'चाबी', 'बालति', 'निलाम', 'मिस्त्री', 'गामला', 'पिपा', 'आलमारि', 'कामरा' हे सर्व शब्द आहेत, आणि ते पोर्तुगीजांपासून आलेले आहेत. हुगळी येथें पोर्तुगीजांची वसाहत अकबराच्या काळीं, सन १५८० च्या सुमारास, उभी राहिली आणि शहाजहानाच्या फौजेनें सन १६३२ मध्यें ती उध्वस्त केली. तरी पोर्तुगीज व त्यांची संकर प्रजा पूर्व बंगालच्या नदीकांठीं पुढेंही राहिली. फादर मानुएल द आसुंसांव यांनीं तेथें बसून तयार केलेला बंगाली-पोर्तुगीज शब्दसंग्रह सन १७४३ मध्यें लिस्बन येथें छापला गेला. बंगालींत 'व'चा उच्चार 'ब'कडे वळतो, तेव्हां 'चावे'ची 'चाबी' होणें तेथें अपरिहार्य होतें. उत्तर हिंदुस्थानच्या बोलींतही हा कल आहे. म्हणून 'चाबी' हा एकटाच शब्द असता तर आम्ही त्यावर भर दिला नसता. पण 'लेइलांव' या शब्दाच्या आरंभींच्या 'ल'चा 'न' करणारें 'निलाम', 'बाल्दे'च्या 'द'चा 'ट' करणारें 'बालटी', आणि 'गमला' हीं सर्व एका बाजूस उभीं राहतात, आणि त्यांच्या सोबतीस बंगाली उभी राहते. तेव्हां हा योगायोग म्हणतां येत नाहीं.

उलट पश्चिमेकडील रूपें पाहा. 'लेइलांव' यांतील शेवटचा सानुनासिक उच्चार मराठीनें 'लिलांव' या जुन्या लेखनांत जसाच्या तसा टिपला. 'पांव' या शब्दांतही तसेंच. 'बाल्दे'ची प्रथम 'बालदी' झाली. हें रूप कोंकणांत अद्याप ऐकूं येतें. मग 'ल' व 'द' यांची अदलाबदल होऊन 'बादली'. आणि 'चावी'तला 'च' तर ऐतिहासिक पुराव्याइतका मोलाचा आहे. लिस्बनचा माणूस आज या शब्दाचा उच्चार 'शाव' असा करतो. जुन्या पोर्तुगीजमध्यें तो 'च'कारानें होत असे. अर्थात् आमच्याकडे व बंगाल्यांतही हा शब्द आला तो उच्चार बदलण्यापूर्वीं, त्यांच्या भरभराटीच्या शतकांत; पुढें कोणीं इंग्रजानें आणून दिलेला नव्हे.

मग हुगळीकडचा शब्द वऱ्हाडापर्यंत पोंचला कसा? येथें नागपुरकर भोसल्यांचा मोह पडतो. रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्या सन १७४२ पासून बंगाल्यांत होत होत्या. सन १७५१ च्या तहानें ओढ्याचा वसूल व बारा लक्षांची चौथाई त्यांस मिळाली. वऱ्हाडांत त्याच भोसल्यांचा व निजामाचा दुहेरी अंमल होता. तेव्हां वऱ्हाडचा स्वार बंगाल्यांतून लुटीबरोबर 'चाबी' व 'बालटी' हे शब्दही घेऊन आला, असें लिहिण्यास हात शिवशिवतो. वाचणारासही तें आवडेल. परंतु स्वारीवर गेलेला मनुष्य भाषा क्वचितच आणतो. भाषा आणतो तो शेजारी राहणारा, बरोबर काम करणारा. आमच्या मतें हे शब्द प्रथम हिंदुस्थानींत मुरले आणि हिंदुस्थानी वऱ्हाडांत जन्मभराच्या शेजारणीसारखी राहिली. सन १७२४ मध्यें साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड निजामाकडे स्थिर झालें. एलिचपुर, बाळापुर, अकोट, कारंजें या गांवांतून मुसलमान वस्ती मोठी. परतवाड्यास पलटणीची छावणी होती आणि तिची बोली हिंदुस्थानी. पुढें कापसाच्या व्यापाराबरोबर मारवाडी आले. सन १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें, आणि सन १९५६ पर्यंत, त्रेपन्न वर्षें, वऱ्हाडचा कारभार मराठी व हिंदी अशा दोन भाषांच्या प्रांतांत चालला. इतकीं कारणें जवळ असतां बंगाल्यापर्यंत घोडा दौडविण्याची आवश्यकता नाहीं.

पश्चिमेकडील रूपेंही याच काळांत बळावलीं, हें विसरूं नये. मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरा यांवरून जाणारी आगगाडी सन १८६७ मध्यें नागपुरास पोंचली. तिच्याबरोबर मुंबईचा माल आला, आणि सरकारी शाळांतून पुण्यामुंबईच्या क्रमिक पुस्तकांची मराठी आली. त्यामुळें कांहीं शब्दांत पश्चिमेची सरशी झाली, कांहींत उत्तरेची. अकोल्याच्या भाजीबाजारांत बटाट्यास 'आलू' म्हणतात, तो उत्तरेकडचा; पण कोबीस 'पानकोबी' व 'फुलकोबी' म्हणतात, आणि हा 'कोबी' पश्चिमेकडचा, पोर्तुगीज 'कोउवे'पासूनचा. एका टोपलींत दोन दिशांचे शब्द शेजारीशेजारी बसलेले असतात. पेरूस वऱ्हाडांत 'जाम' म्हणतात. म्हणजे फळ बाहेरून आलें तरी समुद्रापलीकडचें नांव येथें रुजलें नाहीं, घरच्या ओळखीच्या एका फळाचें नांव त्यास दिलें गेलें.

याहून बोधक उदाहरण बाजाराच्या आवारांतील आहे. वऱ्हाडच्या कापूसबाजाराचा इतिहास जुना. कारंजें येथें सन १८८६ मध्यें हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला. हिंदुस्थानांतील असा तो पहिला मानला जातो. सन १८९७ मध्यें वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं निराळा कायदा झाला. कारंजें तेव्हां अमरावती जिल्ह्यांत होतें, आज वाशिम जिल्ह्यांत आहे. या बाजारांत उघड्या बोलीनें मालाची किंमत ठरण्यास तीन शब्द ऐकूं येतात: 'लिलाव', 'निलाम' आणि 'हर्रास'. पैकीं 'हर्रास' हा अरबी 'हराज'चा वंशज, निजामी अमदानींतला. 'निलाम' पोर्तुगीजच्या पूर्वेकडील शाखेचा. 'लिलाव' पश्चिमेकडील शाखेचा. तीन राजवटींचीं पावलें एका ओट्यावर उमटलेलीं आहेत. आणि यांत आणखी एक वळसा आहे. पोर्तुगीज 'लेइलांव' हा शब्दच मूळ अरबीपासून निघाला असें व्युत्पत्तिकार सांगतात. अरबांनीं आयबेरियावर राज्य केलें तेव्हां तो तेथें गेला. म्हणजे एक अरबी शब्द इराणी कारकुनाच्या मुखानें वऱ्हाडांत आला आणि दुसरा लिस्बनच्या खलाशाच्या मुखानें. 'हर्रास' हा आमचा, 'लिलाव' हा परका, किंवा याच्या उलट, असा वाद घालणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

तिसरी वाट इंग्रजीची. सन १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेंत आलें. अमरावतीस कँप वसला, आणि सन १८२३ मध्यें कॅप्टन रॉबिन्सन यांनीं शोधलेल्या चिखलदऱ्यास साहेबलोकांचे बंगले झाले. त्या बंगल्यांतून 'आया' हा शब्द खालीं उतरला. पोर्तुगीजमध्यें 'आया' म्हणजे मोठ्या घरच्या मुलांची शिक्षिका. हिंदुस्थानांतील इंग्रजींत ती दाई झाली, आणि वऱ्हाडच्या रुग्णालयांत व बालवाडींत ती अद्याप त्याच नांवानें वावरते. कचेरींतला 'प्यून' हा पोर्तुगीज 'पियांव', म्हणजे पायदळाचा शिपाई. मात्र या वाटेनें आलेला सर्वांत वजनदार शब्द निराळाच आहे. तहशिलीच्या खिडकीपुढें रांगेंत उभा राहिलेला खेडूत ज्या दाखल्यास 'कास्ट सर्टिफिकेट' म्हणतो, त्यांतील 'कास्ट' हा पोर्तुगीज 'कास्ता', वंश किंवा बीज या अर्थाचा. पोर्तुगीजांनीं किनाऱ्यावरील समाज पाहून त्यास तो शब्द लावला, इंग्रजांनीं उचलला, खानेसुमारीच्या कागदांत घातला. आणि ज्या वस्तूस आमच्या भाषेंत 'जात' हा शब्द होताच, तिच्या दाखल्यासाठीं आज परक्याचा शब्द मागावा लागतो. चाबीखालीं रेघ ओढणारे या शब्दाखालीं ओढीत नाहींत.

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस येथें एक मौजेची सोय आहे, ती आम्हीं आमच्या घरच्या मुलांवर अजमावून पाहिली आहे. पोर्तुगीज ही लॅटिनची मुलगी, आणि इंग्रजीनें लॅटिनकडून, बहुधा फ्रेंचच्या हस्तें, पुष्कळ उसनें घेतलेलें. तेव्हां आमच्या घरांतील पोर्तुगीज शब्दाचा भाऊ इंग्रजींत सांपडतो, फक्त तोंडवळा ओळखतां आला पाहिजे. 'पगार' आणि इंग्रजी 'पे' हे एकाच लॅटिन धातूपासूनचे; त्याचा मूळ अर्थ शांत करणें, घेणेकऱ्यास गप्प करणें. महिन्याच्या शेवटीं हा अर्थ कोणासही पटेल. 'कमरा' व इंग्रजी 'चेंबर' भाऊ. 'बटाटा' व 'पोटॅटो' भाऊ. दोघेही अमेरिकेंतील ज्या शब्दापासून निघाले त्याचा अर्थ मात्र रताळें. शाळेंतला 'मास्तर' इंग्रजींतून आला आणि भिंत रचणारा 'मिस्त्री' पोर्तुगीजमधून. दोघांचाही आजा लॅटिन 'माजिस्तेर'. आणि प्रवासाची 'ट्रंक' व चोरास ठेवण्याचा 'तुरुंग' हे सख्खे चुलतभाऊ आहेत, कारण दोहोंच्या मुळाशीं झाडाचें खोड. खोडाचा खोडा करून त्यांत अपराध्याचे पाय अडकवीत, म्हणून पोर्तुगीज 'त्रोंको' म्हणजे कैदखाना. खोड कोरून पेटी करीत, म्हणून इंग्रजी 'ट्रंक'. उलटपक्षीं सावधगिरीही हवी. 'चावी' व इंग्रजी 'की', 'बादली' व 'बकेट' यांचें कांहीं नातें नाहीं. ध्वनि जवळचा म्हणून नातें जोडूं नये, आणि ध्वनि दूरचा म्हणून तोडूंही नये.

अतिउत्साही लोकांनीं पोर्तुगीजांच्या पदरीं पुष्कळ कांहीं घातलें आहे. त्यांतलें थोडें परत घेतलें पाहिजे. 'साबण' अरबींतूनही येऊं शकतो, कारण अरबी 'साबून' आमच्याकडे फारसीच्या हातानें सहज पोंचतो. 'मेज' फारसींत आहेच. या शब्दांचा निकाल एका बाजूस देण्याची घाई नको. वऱ्हाडकरांस जिव्हाळ्याचा प्रश्न आहे तो 'संत्रा' या शब्दाचा. वरुड, मोर्शी, अचलपुर या भागांतील बागाइतदारांच्या कानांवरही ही कथा गेलेली आहे कीं पोर्तुगालमधील सिंत्रा गांवावरून संत्र्यास नांव पडलें. यूल व बर्नेल यांच्या कोशांतही या कल्पनेचा निर्देश आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत हिंदुस्थानच्या फळांत 'संगतरा' दिला आहे. तो सन १५३० मध्यें वारला. पोर्तुगीजांस किनाऱ्यावर येऊन तेव्हां पुरतीं बत्तीस वर्षें झालेलीं, आणि त्यांचा उत्तरेंतील बागांशीं संबंध नव्हता. शिवाय गोड नारिंगाचा प्रवासच उलट दिशेचा आहे. तें पूर्वेकडून पोर्तुगीजांनीं युरोपांत नेलें, इतकें कीं फारसी व अरबी भाषांत नारिंगासच 'पोर्तुगाल'वरून नांव पडलें. ज्या फळास पश्चिमेकडील लोकांनीं पूर्वेहून नेलें त्यास पूर्वेच्या लोकांनीं पश्चिमेकडील खेड्याचें नांव द्यावें हें विपरीत आहे. 'मोसंबी'ची गोष्ट वेगळी; तिच्या नांवांत मोझांबिक उघड दिसतें, आणि तो मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता.

तसेंच, वस्तु आली म्हणजे शब्द आलाच असेंही नाहीं. वऱ्हाडच्या जेवणाचा प्राण जी मिरची, ती अमेरिकेची, पोर्तुगीज जहाजांतून आलेली. पण तिनें आमच्या मिऱ्याचें नांव घेतलें आणि परकेपण टाकलें. मेळघाटच्या पायथ्याशीं रानोमाळ पिकणारें सीताफळही अमेरिकेचें. त्यानें तर सीतामाईचें नांव घेतलें. पपई मात्र आपलें परदेशी नांव टाकावयास विसरली. तमाखूचा मार्ग तर लेखी पुराव्यानें दाखवितां येतो: असदबेग सन १६०४ च्या सुमारास विजापुरास गेला, तेथें त्यास ही नवी वस्तु दिसली, आणि त्यानें ती नेऊन अकबरापुढें ठेवली. ती गोव्याकडून विजापुरास आलेली, आणि विजापुराहून उत्तरेस गेलेली.

हा सर्व खटाटोप केवळ कुतूहलाचा नाहीं. कागदपत्रें तपासणारांस त्याचा रोकडा उपयोग आहे. वऱ्हाडांत देशमुख, देशपांडे, पाटील यांच्या घरीं वतनाचे जुने कागद निघतात, आणि त्यांतील कांहीं इमादशाही काळचे म्हणून पुढें केले जातात. इमादशाही सन १४९० पासून १५७४ पर्यंतची. अशा कागदांत 'वेतन', 'मुशाहिरा', 'रोजमुरा' यांऐवजीं 'पगार' लिहिलेला दिसला, किंवा जप्त मालाचा 'लिलाव' सांगितलेला असला, तर शिक्का कितीही सुबक असो, हात आंखडता घ्यावा. पोर्तुगीज शब्द किनाऱ्यावर उतरून, घांट चढून, दूरच्या परगण्यांतील कारकुनाच्या लेखणींत नित्याचा होण्यास पिढ्या लागतात. ऋद्धपुरच्या परिसरांत तेराव्या शतकांत घडलेल्या महानुभाव ग्रंथांच्या पोथ्यांसही हीच कसोटी लागते: त्यांत तमाखूचा किंवा चावीचा उल्लेख आढळला तर ती ओळ मूळ लेखकाची नव्हे, नकलकाराची. आणि कसोटी लावतांना रूपही पाहावें. कोंकणच्या म्हणून आलेल्या कागदांत 'निलाम' आढळला, किंवा एलिचपुरच्या जुन्या हिंदुस्थानी वळणाच्या कागदांत 'लिलांव' आढळला, तर तो कोणत्या हातानें व कोठें लिहिला गेला याची चौकशी पुन्हा आरंभापासून करावी.

आमच्या टिपणांत सुतार, लोहार, पाववाले व सरकीच्या कारखान्यांतील कामगार यांच्या तोंडचे शब्द अद्याप थोडे आहेत. अंजनगांव, दर्यापुर, मूर्तिजापुर या बाजूच्या वाचकांपैकीं ज्यांस आपल्या गांवीं अशीं जोडरूपें ऐकूं येत असतील त्यांनीं शब्द, तो बोलणाराचा धंदा व गांव अशा तीन गोष्टी लिहून पाठवाव्या. शब्दाचें रूप सुधारून पाठवूं नये. जसें ऐकलें तसेंच लिहावें.